एकवीस किलोमीटरांची वाट

जळगाव शहरापासून सुमारे सहा किलोमीटर अंतरावर असोदा हे गाव आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली याच गावी झाला. त्या काळी असोद्याहून जळगावला पायी जाणे-येणे यात कोणालाही विशेष वाटत नसे. परंतु असे समजा, की एखाद्याने पहाटे असोद्याहून निघून जळगाव गाठले, तेथून तो परत असोद्यास आला, पुन्हा जळगावला गेला आणि त्यानंतरही सुमारे तीन किलोमीटर पुढे गेला; आणि हे सारे अंतर त्याने धावत तोडले. जो हे करील, तो अर्धमॅरेथॉन धावला असे म्हणावे लागेल. या शर्यतीचे नेमके अंतर २१ किलोमीटर ९७.५ मीटर, म्हणजे सुमारे १३ मैल आहे.

अशा शर्यती आज केवळ मोठ्या शहरांतच होतात असे नाही. साताऱ्यास २०१२ सालापासून यवतेश्वराच्या घाटातून अर्धमॅरेथॉन भरते. जळगावातही हौशी धावकांच्या पुढाकाराने ‘खान्देश रन’ ही स्पर्धा भरवली जाते आणि तीत एकवीस किलोमीटरांबरोबर लहान पल्ल्याच्या धावाही असतात. शेतकरी, शिक्षक, डॉक्टर, पोलीस, गृहिणी असे सर्व थरांतील लोक अशा शर्यतींत खांद्याला खांदा लावून उभे राहतात. पहिला क्रमांक एकालाच मिळावयाचा, हे प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही शेकडो लोक धावतात. कारण आपण ठरवलेले अंतर आपल्या बळावर पुरे करावे, एवढीच त्यांची इच्छा असते. ही इच्छा सुखरूप पुरी व्हावी, यासाठी काय करावे लागते हे समजून घेण्यासारखे आहे.

‘मॅरेथॉन’ हे ग्रीस देशातील एका मैदानाचे नाव आहे. इ. स. पूर्व ४९० मध्ये तेथे ग्रीकांनी इराणी सैन्याचा पराभव केला. विजयाची वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धावत गेला आणि ती सांगताच त्याने प्राण सोडला, अशी दंतकथा आहे. तिच्या स्मरणार्थ १८९६ साली अथेन्स येथील पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांत सुमारे ४० किलोमीटरांची शर्यत ठेवण्यात आली. ती जिंकणारा स्पिरिडॉन लुईस हा पाणी वाहून नेण्याचा धंदा करणारा साधा मनुष्य होता. पुढे १९०८ साली लंडनच्या सामन्यांत हे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर होते आणि १९२१ साली तेच कायम करण्यात आले. त्याचे निम्मे ते अर्धमॅरेथॉनचे अंतर होय.

या इतिहासात मराठी मुलखालाही स्थान आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर पहिल्या महायुद्धानंतर शर्यती होत असत. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी त्या पाहिल्या. धावणारे बहुतेक खेड्यांतील शेतकरी होते. त्यांच्या पायांत बूट नव्हते आणि त्यांना कोणी शास्त्रशुद्ध शिकवले नव्हते. तरी त्यांचा वेग पाहून टाटांना आश्चर्य वाटले. त्यांच्याच प्रयत्नाने १९२० साली भारतीय खेळाडूंचे एक छोटे पथक बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिकला गेले. बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी तेथील मॅरेथॉन शर्यत पुरी करून १९ वा क्रमांक मिळवला. अलीकडच्या काळात नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या लहानशा आदिवासी पाड्यातील कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. लांब पल्ल्याचे धावणे हे श्रीमंती साधनांवर अवलंबून नसते, हे या दोन्ही उदाहरणांवरून ध्यानात येते. ते अवलंबून असते सरावावर आणि संयमावर.

सराव एका आठवड्यात होत नाही. निरोगी मनुष्यालाही या शर्यतीसाठी तीन-चार महिने तयारी करावी लागते. प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. नंतर आठवड्यातून तीन-चार दिवस धावावे, एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा लांब जावे आणि उरलेले दिवस विसावा घ्यावा किंवा नुसते चालावे. विसावा हा आळस नव्हे. धावताना स्नायूंना जो ताण पडतो, त्याची भरपाई विसाव्यातच होते आणि स्नायू पूर्वीपेक्षा बळकट होतात. अंतर वाढवताना घाई करू नये. या आठवड्यात दहा किलोमीटर झाले असतील, तर पुढील आठवड्यात अकरा पुरेत. बहुतेक धावताना सोबत्याशी बोलता येईल इतकाच वेग असावा. दम लागून वाक्य तुटू लागले, म्हणजे वेग जास्त झाला असे समजावे. शर्यतीपूर्वीचे दोन आठवडे सराव कमी करत न्यावा, म्हणजे अंगातील थकवा निघून जातो.

अकरा-बारा वर्षांच्या मुलांनी मात्र या शर्यतीत उतरावयाचे नसते. बहुतेक ठिकाणी सोळा किंवा अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून प्रवेश मिळत नाही. याचे कारण असे, की वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळचा भाग अजून मऊ असतो व अतिश्रमाने त्यास इजा पोहोचू शकते. शिवाय मुलांना मोठ्या माणसांपेक्षा घाम कमी येतो, त्यामुळे उन्हात त्यांचे शरीर लवकर तापते. वय लपवून शर्यतीत शिरणे म्हणजे स्वतःच्या शरीराशी केलेली फसवणूक होय. मुलांसाठी तीन किंवा पाच किलोमीटरांच्या धावा असतात आणि त्यांतील आनंदही कमी नसतो.

आता आहाराचा विचार करू. धावण्यास लागणारी शक्ती मुख्यतः पिष्टमय पदार्थांपासून मिळते. त्यांची साखर होऊन तिचा साठा यकृतात व स्नायूंत राहतो. वेगाने धावणाऱ्याला हा साठा सुमारे दीड ते दोन तास पुरतो. सामान्य धावकाला एकवीस किलोमीटर तोडण्यास दोन-अडीच तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. म्हणून आदल्या दिवशी भात, भाकरी, पोळी असे नेहमीचे साधे अन्न पोटभर घ्यावे. भरीत-भाकरी किंवा झणझणीत शेवभाजी ही खान्देशाची आवडती पक्वान्ने असली, तरी आदल्या रात्री तिखट व तेलकट पदार्थ टाळणेच बरे. शर्यतीच्या सकाळी दीड-दोन तास आधी थोडे खावे. यासाठी केळ्यासारखे सोपे फळ नाही आणि जळगाव जिल्हा तर केळ्यांसाठी प्रसिद्धच आहे. वाटेत गुळाचा खडा किंवा केळ्याचा अर्धा तुकडा उपयोगी पडतो. परंतु जे सरावात कधी खाल्ले नाही, ते शर्यतीच्या दिवशी प्रथमच खाऊ नये. बुटांनाही हाच नियम लागू आहे. नवे कोरे बूट घालून जो धावतो, त्याच्या पायांना दहाव्या किलोमीटरच्या आतच फोड येण्याचा संभव असतो.

प्रत्येक धावकाला एक कागदी क्रमांक मिळतो. तो छातीवर चार टाचण्यांनी नीट लावावा. कित्येक शर्यतींत या क्रमांकाच्या मागील बाजूस एक लहानशी चिप बसवलेली असते. आरंभरेषेवर व अंतिम रेषेवर विशिष्ट पट्ट्या अंथरलेल्या असतात. त्यांवरून धावक गेला, की चिपकडून संदेश मिळतो आणि त्याची वेळ आपोआप नोंदली जाते. त्यामुळे गर्दीत मागे उभा राहिलेला मनुष्य आरंभरेषेपाशी तीन मिनिटे उशिरा पोहोचला, तरी त्याचे नुकसान होत नाही. म्हणून सावकाश धावणाऱ्यांनी पुढे घुसू नये. मागेच उभे राहावे.

क्रमांकाच्या मागे आपले नाव, रक्तगट आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहावयाचा असतो. याकडे पुष्कळ लोक दुर्लक्ष करतात. काही जण तर स्वतःला येणे जमले नाही, म्हणून आपला क्रमांक मित्राला देऊन टाकतात. यात काय बिघडले, असे त्यांना वाटते. परंतु तो मित्र वाटेत बेशुद्ध पडला, तर डॉक्टरांच्या हाती दुसऱ्याच माणसाचे नाव, दुसराच रक्तगट आणि दुसऱ्याच घरचा दूरध्वनी क्रमांक पडेल. आपला क्रमांक दुसऱ्यास देऊ नये हा नियम शिस्तीपुरता नाही. त्यामागे जिवाचा प्रश्न आहे.

शर्यतीच्या ठिकाणी तासभर आधी पोहोचावे. थोडे चालून, हलके धावून व सांधे मोकळे करून शरीर तयार करावे. इशारा होताच सारा समुदाय पुढे झेपावतो. वाजंत्री वाजत असते, लोक टाळ्या देत असतात आणि पाय आपोआप पळू लागतात. खरी परीक्षा या क्षणी असते. एका धावकाने दर किलोमीटरला सात मिनिटे या गतीचा सराव केला आहे असे समजू. उत्साहाच्या भरात त्याने पहिले पाच किलोमीटर सहा-सहा मिनिटांत तोडले. त्याने पाच मिनिटे वाचवली खरी. परंतु पंधराव्या किलोमीटरनंतर त्याचे पाय जड झाले आणि शेवटचे सहा किलोमीटर त्याला दहा-दहा मिनिटे घेत चालावे लागले. म्हणजे पाच मिनिटे कमावली आणि अठरा गमावली! जो आरंभी स्वतःला आवरतो, त्याच्यापाशी अखेरपर्यंत बळ उरते. काही शर्यतींत ठराविक वेळेत पोहोचणारे अनुभवी धावक हाती निशाण घेऊन धावतात. त्या निशाणावर वेळ लिहिलेली असते. आपल्या वेळेच्या निशाणामागून गेल्यास गती राखणे सोपे जाते.

थकव्याहून मोठा शत्रू म्हणजे उष्णता. स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपाने शरीरात उत्पन्न होतो. घाम वाळताना ही उष्णता बाहेर पडते आणि शरीर ३७ अंशांच्या आसपास राहते. जळगावात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत व कधी त्याच्याही वर जातो. अशा दिवसांत लांबची शर्यत घेणे धोक्याचे असल्यामुळे ती हिवाळ्यात आणि पहाटे सुरू करतात. तथापि, हिवाळ्यातही नऊच्या सुमारास खान्देशचे ऊन चटका देऊ लागते. पहाटेच्या थंडीला भिऊन जाड कपडे घालणारा धावक थोड्याच वेळात घामाघूम होतो. म्हणून कपडे सुती जाडजूड नसावेत; हलके व लवकर वाळणारे असावेत.

घामाने गेलेले पाणी भरून काढण्यासाठी साधारणपणे दर दोन-अडीच किलोमीटरांवर पाणपोई असते. तेथे थोडे थोडे पाणी प्यावे. तहान लागूनही पाणी न पिणे जसे वाईट, तसेच तहान नसताना पेल्यामागून पेले रिचवणेही वाईट. घामाबरोबर शरीरातील मीठही जाते. त्यात नुसते पाणी फार झाले, तर रक्तातील मिठाचे प्रमाण घटते आणि मनुष्य आजारी पडतो. तहानेपुरते पाणी आणि मधून मधून मीठ-साखरेचे पाणी हा उत्तम मार्ग होय.

इतके करूनही एखाद्याचे शरीर तापते. चक्कर येणे, मळमळणे, अंगावर काटा येणे, पाय लटपटणे ही त्याची लक्षणे होत. छातीत दुखू लागले, तर एक पाऊलही पुढे न टाकता मदत मागावी. सर्वांत घातक लक्षण म्हणजे बुद्धीचा गोंधळ, कारण ज्याला तो होतो, त्याला तो कळत नाही. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोरांदो पिएत्री हा इटालियन धावक सर्वांच्या पुढे क्रीडांगणात शिरला, पण तो चुकीच्या दिशेला वळला आणि पुन्हा पुन्हा कोसळला. पंचांनी त्याला उचलून उभे केले आणि त्याने शर्यत पुरी केली. परंतु दुसऱ्याचे साहाय्य घेतल्यामुळे त्याला बाद ठरवण्यात आले. अंतिम रेषा त्याच्या डोळ्यांसमोर होती, पण ती कोठे आहे हे त्याला उमगत नव्हते.

म्हणून अशा वेळी शेजारच्या माणसाने जागे असावे लागते. कोणी वेडावाकडा धावू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर आपली शर्यत बाजूला ठेवून त्याला थांबवावे. त्याला सावलीत न्यावे, अंगावर थंड पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग थंड करणे थांबवू नये. या वेळी एकेक मिनिट मोलाचे असते. मनुष्य शुद्धीवर नसेल, तर त्याच्या तोंडात पाणी घालू नये. अशा प्रसंगी ज्याचे दहा मिनिटे गेली, त्याने शर्यतीत काहीही गमावलेले नसते.

वाटेवरचे शिष्टाचारही सांगण्यासारखे आहेत. रस्ता सर्वांचा असतो. त्यावरून दूधवाले जातात, बैलगाड्या जातात, रुग्णवाहिका जातात. नेमून दिलेल्या बाजूनेच धावावे. एकदम थांबू नये. हात वर करून कडेला यावे. कानांत गाणी लावून धावणाऱ्याला मागून येणारे वाहन ऐकू येत नाही. रिकामा पेला टोपलीत टाकावा, रस्त्यावर नव्हे. ठराविक वेळेनंतर शेवटच्या धावकामागून एक गाडी येते. जो फार थकला असेल, त्याने त्या गाडीत निःसंकोच बसावे. वेळीच थांबणारा धावक पुढच्या वर्षी पुन्हा धावू शकतो.

अंतिम रेषा ओलांडल्याबरोबर खाली बसू नये. धावताना पायांकडे पुष्कळ रक्त गेलेले असते. एकदम थांबल्यास ते तेथेच साचून राहते व भोवळ येते. दहा मिनिटे सावकाश चालावे, ओले कपडे बदलावेत, पाणी प्यावे व थोड्या वेळाने जेवावे. पुढील काही दिवस कठोर व्यायाम करू नये.

आता एक गोष्ट राहिली. लहान वयामुळे ज्यांना धावता येत नाही, त्यांच्यासाठी या शर्यतीत एक मोठे काम असते. ते म्हणजे पाणपोईवरचे. एक हजार धावक आहेत, वाटेवर आठ पाणपोया आहेत आणि प्रत्येकाने प्रत्येक ठिकाणी एकच पेला घेतला, तरी आठ हजार पेले भरावे लागतात. हे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली मुले फार उत्तम करू शकतात. पेला अर्धाच भरावा, म्हणजे सांडत नाही. रस्त्याच्या मध्ये न जाता कडेला रांगेने उभे राहावे, हात लांब करून पेला वरच्या कडेस हलकेच धरावा आणि “पाणी, पाणी” असे मोठ्याने म्हणावे, म्हणजे धावणाऱ्याला तो न थांबता घेता येतो.

पुढे धावणारे लोक वाऱ्यासारखे येतात आणि जातात. त्यांच्यासाठी टाळ्यांचा कडकडाट होतो. तासाभराने गर्दी ओसरते, ऊन चढते, पाणी देणाऱ्यांचेही हात दुखू लागतात आणि आता आवराआवर करावी, असे वाटू लागते. नेमके तेव्हाच दूरवरून एखादे वृद्ध गृहस्थ किंवा प्रथमच धावणारी एखादी गृहिणी हळूहळू येताना दिसते. पहिला धावक सव्वा-दीड तासात घरी जातो. शेवटचा तीन तास उन्हात असतो. पाण्याची खरी गरज त्याला असते. म्हणून अनुभवी संयोजक शेवटच्या धावकाचे पाणी आधी बाजूला काढून ठेवतात आणि तो पुढे गेल्याशिवाय पाणपोई उठवत नाहीत.

एकवीस किलोमीटरांची ही वाट ज्याची त्यालाच चालावी लागते, हे खरे. तरी ती कोणी एकटा पुरी करत नाही. स्वतःला आवरण्याचे बळ धावकापाशी असावे आणि मागे राहिलेल्यासाठी थांबण्याची वृत्ती गावापाशी असावी. ही दोन्ही जेथे असतात, तेथील शर्यतीत पहिला कोण आला हे लोक कालांतराने विसरतात. पण शेवटच्या माणसालाही तेथे पाणी मिळाले होते, ही गोष्ट मात्र त्यांच्या स्मरणात राहते.

स्वाध्याय

१. आपला क्रमांक दुसऱ्यास देऊ नये, या नियमामागील कारण सांगा.
२. ‘पाच मिनिटे कमावली आणि अठरा गमावली’ हा हिशेब स्वतः करून दाखवा.
३. बुद्धीचा गोंधळ हे सर्वांत घातक लक्षण का मानावे? अशा वेळी सोबत्याने काय करावे?
४. तुमच्या गावातील सहा किलोमीटर अंतरावरचे ठिकाण शोधा व अर्धमॅरेथॉनचे अंतर त्यावरून समजावून सांगा.
५. तुमच्या शाळेच्या धावण्याच्या शर्यतीसाठी पाणपोईची व्यवस्था कशी कराल, ते दहा ओळींत लिहा.